टेक्सासच्या तळ्यांवर बास गळाला लावायचा तर: पहिल्या हंगामापुरतं सामान आणि तंत्र

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, लिटल एल्म या पट्ट्यात मराठी घरं चिकार आहेत आणि लुईसव्हिल, ग्रेपव्हाइन, रे रॉबर्ट्स ही तळी तिथून गाडीने फार लांब नाहीत. ह्यूस्टनकरांना कॉनरो आहे, ऑस्टिनकरांना ट्रॅव्हिस आणि इंक्स. ही सगळी तळी म्हणजे खरं तर नद्यांवर बांधलेली धरणं, आणि त्या सगळ्यांत लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. आपली मंडळी तिथे डबे घेऊन सहलीला जातात आणि पाण्याकडे पाठ करून क्रिकेट खेळतात. ज्यांना पाण्याकडे तोंड करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. बोट नाही, किनाऱ्यावरूनच, आणि हातात कधी रॉड धरलेला नाही असं गृहीत धरून.

मुद्द्याचं आधीच सांगतो. दुकानात ल्यूरच्या, म्हणजे माशाला फसवणाऱ्या नकली आमिषांच्या, अख्ख्या भिंती लागलेल्या असतात. पहिल्या हंगामात तिथले तीन प्रकार पुरतात. ल्यूर पाण्यात नेमका कुठे पडला आणि तुम्ही तो किती सावकाश फिरवला, यावर बास मिळणं बरंचसं ठरतं; त्याचा रंग आणि किंमत नंतर. पैसे वाचवा, वेळ पाण्यावर घालवा.

परवाना आणि माप

परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचा, ऑनलाइन मिळतो. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. रहिवाशांना गोड्या पाण्याचा परवाना ३० डॉलरला पडतो. यात दोन खाचखळगे आहेत. एक, परवान्याचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. जुलैत घेतलात तर दीड महिन्यात तो बाद. उन्हाळ्यात सुरुवात करणाऱ्याने खरेदीच्या तारखेपासून वर्षभर चालणारा प्रकार घ्यावा, थोडा महाग असला तरी. दुसरं, टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिल्याशिवाय तुम्ही रहिवासी धरले जात नाही. नुकतेच न्यू जर्सीहून आलात तर तुम्ही बाहेरचे, आणि पुण्याहून आलेले आई-बाबा तर बाहेरचेच. त्यांच्यासाठी एका दिवसाचा परवाना मिळतो.

याहून सोपा मार्ग म्हणजे स्टेट पार्क. पार्काच्या हद्दीत किनाऱ्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, फक्त प्रवेश फी भरायची. डॅलसजवळ सीडर हिल आणि रे रॉबर्ट्स, ह्यूस्टनच्या वर हंट्सव्हिल, ऑस्टिनच्या बाजूला इंक्स लेक. काही पार्कांत रॉड उसनाही मिळतो. हे आपल्याला जमेल का, आवडेल का, असा प्रश्न असेल तर दुकानात जाण्याआधी तिथेच बघा.

लार्जमाउथचा सर्वसाधारण नियम असा: १४ इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही, दिवसाला माणशी पाच. मोजताना मासा कुशीवर आडवा ठेवायचा, तोंड मिटायचं, शेपटीची टोकं जुळवायची. पण तळ्यागणिक नियम वेगळे असतात. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. निघण्याआधी खात्याच्या साइटवर आपल्या तळ्याचं पान उघडून वाचा; वॉर्डन खरोखर येतात आणि खरोखर मोजतात.

आपल्या घरांच्या कॉलनीतही तळं असतं आणि त्यात बास असतोच. मात्र आधी एचओएचे, म्हणजे कॉलनीच्या घरमालक संघाचे, नियम बघून घ्या, नाहीतर शेजारीच फोटो काढून तक्रार करतात.

मासा कसा वागतो

हिरवट पाठ, पांढुरकं पोट, अंगाच्या मधोमध काळपट तुटक पट्टा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे पोचतं. नावातलं मोठं तोंड ते हेच. हा मासा उगाच मैलोन्‌मैल पोहत फिरत नाही. तो दबा धरतो. बुडलेलं झाड, शेवाळाची कड, धक्क्याखालची सावली, जिथे अंग लपवता येईल तिथे थांबतो आणि समोरून जाणाऱ्या शॅड, ब्लूगिल अशा लहान माशांवर किंवा झिंग्यासारख्या क्रॉफिशवर झडप घालतो.

झडप म्हणजे चावणं नव्हे. बास एकदम तोंड उघडतो आणि आजूबाजूच्या पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. नको असेल तर तितक्याच झटक्यात थुंकूनही टाकतो. हे लक्षात राहिलं तर पुढे ठोका, म्हणजे माशाने ल्यूर तोंडात घेतल्याची खूण, ओळखायचं कोडं अर्धं सुटेल.

टेक्सासने सत्तरच्या दशकापासून फ्लोरिडाच्या जातीचा बास आपल्या तळ्यांत सोडला, म्हणून इथले मासे मोठे होतात. राज्याचा विक्रम १८.१८ पौंडांचा आहे, लेक फोर्कवर १९९२ साली झालेला. तुम्हाला सुरुवातीला पौंड-दीड पौंडाचे मिळतील, आणि तेवढ्यानेही हात थरथरतात.

रॉड, रील, लाइन

स्पिनिंग रॉड आणि स्पिनिंग रील घ्या. यूट्यूबवरचे सगळे जण बेटकास्टर वापरताना दिसतील. ते रील अंगठ्याने आवरावं लागतं, आणि आवरलं नाही की लाइनचा असा गुंता होतो की दुपार त्यातच जाते. ते दुसऱ्या वर्षी.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, त्यावर ‘मीडियम’ आणि ‘फास्ट’ लिहिलेलं असावं. मीडियम म्हणजे ताठपणा. फास्ट म्हणजे फक्त शेंडा वाकतो, खालचा भाग कडक राहतो. तो कडकपणा कशाला, तर गळाचं टोक आधी ल्यूरच्या मऊ प्लास्टिकमधून आणि मग जबड्यात घुसवायचं असतं. रील २५०० आकाराचं. दोन्ही मिळून पन्नास ते ऐंशी डॉलरचा संच पुष्कळ झाला.

लाइन साधी मोनोफिलामेंट, आठ किंवा दहा पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. कोकणातला तंगूस तो हाच. जरा ताणला जातो, त्यामुळे तुमचा झटका जास्त जोरात बसला तरी माफ करतो. ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली लाइन, ताणली जात नाही, ठोका बोटाला स्वच्छ कळतो. पण ती पाण्यात दिसते, म्हणून पुढे कमी दिसणाऱ्या फ्लुरोकार्बन लाइनचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडावा लागतो आणि त्या जोडाची गाठ नवशिक्याच्या हातून सुटते. आधी मोनोवर हात बसू द्या.

गाठ एकच शिका, पालोमार. लाइन दुमडून तिचा दुहेरी पदर गळाच्या डोळ्यातून काढा. त्या दुहेरी पदराची साधी सैल गाठ मारा, गळ मध्ये लोंबकळत राहील. आता पदराचा फास संपूर्ण गळावरून पलीकडे घ्या. थुंकी लावून ओला करा आणि मगच दोन्ही टोकं ओढा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने लाइन तापते आणि तिथेच कमजोर होते. मासा तुटून गेला की लोक लाइनला शिव्या देतात. बहुतेक वेळा गाठ कोरडी आवळलेली असते.

रीलवरचा ड्रॅग, म्हणजे लाइन किती ओढीला सुटावी ते ठरवणारा ब्रेक, असा लावा की लाइन हाताने जोरात खेचली तर कुरकुरत सुटावी. अजिबात सुटत नसेल तर मोठा मासा ती तोडणार.

आणि एक वस्तू, जिच्यावर पैसे खर्च करा असं मी मुद्दाम सांगेन: पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरची चकाकी जाते आणि बुडलेला ओंडका दिसायला लागतो.

तीन ल्यूर

पहिला, पाच इंची मऊ प्लास्टिकचा वर्म, म्हणजे नकली गांडूळ. मासे धरायचा प्लास्टिकचा वर्म निक क्रीम यांनी १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रनला घरच्या घरी बनवला. त्यांची कंपनी पुढे टेक्सासमधल्याच टायलरला आली. तोंडात घेतल्यावर तो मऊ लागतो, म्हणून बास त्याला कडक ल्यूरपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवतो, आणि नवशिक्याला नेमका तोच जादा वेळ हवा असतो. सेन्को नावाच्या वर्मसारखा जाड, सरळ, मीठ घातलेला प्रकार घ्या. वजन न लावताही तो सावकाश बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरवतो. रंग दोनच: पाणी स्वच्छ असेल तर ‘ग्रीन पंपकिन’, गढूळ असेल तर काळा-निळा.

दुसरा, स्पिनरबेट. तारेच्या एका टोकाला गळ आणि झालर, दुसऱ्या टोकाला फिरणारी धातूची पत्री. ३/८ औंस, पांढरा. वारा सुटलेला असतो, पाणी ढवळलेलं असतं, तेव्हा हा काढायचा. गढुळात माशाला दिसत कमी असलं तरी अंगावरच्या संवेदी रेषेला पत्रीचा कंप जाणवतो. गोल पत्री जास्त कंप देते, विलोच्या पानासारखी लांबट पत्री जास्त चमकते.

तिसरा, पॉपर. पाण्यावर तरंगतो, पुढून खोलगट असतो, शेंड्याने झटका दिला की ‘डुबुक’ आवाज करून पाणी उडवतो. पहाटे आणि दिवेलागणीला, पाणी स्थिर असताना. खरं सांगायचं तर याने मासे सगळ्यात कमी मिळतील, पण ज्याने एकदा पाणी फुटताना पाहिलं तो पुन्हा येतो.

वर्म गळावर चढवायचे दोन प्रकार

रिग म्हणजे गळ, वजन आणि ल्यूर यांची जोडणी. टेक्सास रिग हा पाया आहे. गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपलेलं राहतं, त्यामुळे तो झाडाझुडपांतून न अडकता बाहेर येतो. लागतं काय, तर ३/० मापाचा ऑफसेट गळ, म्हणजे डोळ्याजवळ पायरीसारखा वाकवलेला, आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं ३/१६ औंसाचं वजन.

१. वजन लाइनमध्ये ओवा, निमुळतं टोक रॉडच्या दिशेला.

२. पालोमार गाठीने गळ बांधा.

३. वर्मच्या डोक्यात अगदी मधोमध गळाचं टोक पाव इंच खुपसा आणि कुशीतून बाहेर काढा.

४. गळ पुढे ओढत न्या, पायरीसारखा भाग डोक्यात शिरेपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक वर्मकडे बघेल.

५. वर्म सरळ लोंबू द्या. गळाचा बाक जिथे त्याला टेकतो ती जागा चिमटीत धरा, तिथूनच टोक आरपार काढा, आणि वरच्या बाजूला कातडीखाली हलकेच लपवा.

आता रिग डोळ्यांसमोर धरा. वर्म रूळकाठीसारखा सरळ हवा. जरा जरी बाकदार दिसला तर काढून पुन्हा चढवा, कारण वाकडा वर्म पाण्यात भिरभिरतो, लाइनला पीळ बसतो आणि कुठलंच खरं भक्ष्य तसं चालत नसल्याने मासा बघून सोडून देतो.

दुसरा प्रकार वॅकी रिग, त्याला शिकवणी लागत नाही. लहान गळ वर्मच्या बरोबर मध्यावर आडवा टोचायचा, दोन्ही बाजू मोकळ्या लोंबतात. वजन नको. झाडझुडूप नसलेल्या जागी, धक्क्याच्या कडेला, कॉलनीतल्या तळ्यावर हाच लावा. गळ उघडा असल्याने दाट काटक्यांत मात्र हमखास अडकेल.

टाकणं

घरामागच्या गवतावर गळाविना नुसतं वजन बांधून सराव करा. तर्जनीच्या पेरावर लाइन धरायची, बेल (रीलवरची तारेची कमान) उघडायची, रॉड खांद्यामागे नेऊन पुढे आणायचा आणि शेंडा लक्ष्याकडे आला की बोट सोडायचं. ल्यूर उंच आणि मागे गेला तर बोट लवकर सुटलं, पायाशी आपटला तर उशिरा. बेल हँडल फिरवून बंद करू नका, हाताने मिटा आणि लाइन एकदा ताणून घ्या. एवढ्या एका सवयीने निम्मे गुंते होत नाहीत.

कुठे टाकायचं

घडीची खुर्ची मांडून एका जागी बसायचं ते कॅटफिशसाठी. बाससाठी चालावं लागतं.

पाण्यापर्यंत पोचायच्या आधी चार पावलं मागे थांबा आणि पहिला ल्यूर तिथूनच, अगदी काठाशी टाका. नवखा माणूस थेट पाण्यात बूट बुडवून तळ्याच्या मध्यावर जितकं लांब जाईल तितकं फेकतो, आणि काठाला दोन फूट पाण्यात बसलेला मासा त्याच्या पावलांनी केव्हाच पळालेला असतो. यानंतर किनाऱ्याला समांतर टाका. सरळ मध्याकडे फेकलं तर ल्यूर कामाच्या पट्ट्यात शेवटचे काही फूट असतो. समांतर टाकला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

शोधायचं काय? धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग. त्या दगडांच्या फटींत क्रॉफिश असतात. ओढा तळ्याला मिळतो ते तोंड. जमिनीची जीभ पाण्यात गेलेली असते तिचं टोक. धरण भरताना बुडालेल्या झाडांचे खुंट. शेवाळाची बाहेरची कड, आणि त्या कडेत जिथे खाच पडलेली असेल ती खाच. ज्या काठावर वारा येऊन आदळतो तो काठ गैरसोयीचा असतो, तरी तिथेच जा, कारण बारीक शॅड तिकडे ढकलले जातात आणि बास त्यांच्यामागे येतात. एकाच जागी पाच-सहा वेळा टाकून काही झालं नाही तर पुढे सरका.

ठोका आणि झटका

टेक्सास रिग पडला की लाइन थोडी सैल ठेवून तो तळाला जाऊ द्या. नजर लाइन पाण्यात शिरते त्या बिंदूवर. बरेच ठोके ल्यूर खाली जातानाच येतात. तळ लागला की लाइन लुळी पडते. मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे रॉड नऊवरून अकरावर सावकाश उचला, पुन्हा खाली आणा, सैल झालेली लाइन गुंडाळा, थांबा. ‘थांबा’ हा यातला मुख्य भाग. तुम्हाला हळू वाटतंय त्याच्याही निम्म्या वेगाने करा.

ठोका कसा असतो? कधी बोटाला एकच ‘टप्‌’ लागतं. दगडावर घासण्याची खरखर सलग असते, हे तसं नसतं, सुटं असतं. कधी काहीच लागत नाही, फक्त लाइन एका बाजूला चालायला लागते. कधी तळ लागायच्या आधीच लाइन लुळी पडते: माशाने वर्म उचलला आणि तो तुमच्या दिशेने येतोय. शंका आली तरी झटका द्या, त्याचे पैसे पडत नाहीत. शेंडा खाली करा, सैल लाइन गुंडाळा आणि एका दमात वर, खांद्यातून.

स्पिनरबेटला एवढं काही नाही; सारख्या वेगाने गुंडाळायचा, ओंडक्याला घासून न्यायचा, मासा लागला की रॉड आपोआप जड होतो. पॉपरचं मात्र उलट आहे. पाणी फुटलेलं दिसताच हात वर जातो आणि ल्यूर माशाच्या तोंडातून निसटतो. रॉडला माशाचं वजन जाणवेपर्यंत दम धरा.

अडकलं तर रॉडने हिसके देऊ नका, रॉड मोडतो. लाइन सैल सोडा, बाजू बदला, उलट्या दिशेने हलवा. तोडायचीच वेळ आली तर लाइन काठीला गुंडाळून ओढा, हाताला नव्हे. तुटलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

ऋतू, वेळ, धोके

पाणी साठ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १६ सेल्सिअसच्या वर जाऊ लागलं की बास उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. टेक्सासमध्ये साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. किनाऱ्यावरच्या माणसाचा हा सुगीचा काळ. नर घरट्याची राखण करतो. त्याला पकडलंत तर लगेच तिथेच सोडा. जून ते ऑगस्टमध्ये उजाडताना जा आणि नऊच्या आत परत या; दुपारी मासा खोल जातो आणि तुम्ही भाजता. ऑक्टोबरात शॅड ओढ्यांच्या तोंडाकडे सरकतात, तेव्हा स्पिनरबेट. थंडीत वर्म, आणि फार फार हळू.

गवतात पाय ठेवण्याआधी बघा. पाण्याकाठी कॉटनमाउथ हा विषारी साप असतो, आणि लाल मुंग्यांच्या वारुळावर उभं राहिल्याचं पाच सेकंदांनी कळतं. ढग गडगडले की रॉड खाली ठेवा आणि गाडीत जाऊन बसा. रॉडच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते.

हातात आल्यावर

हात ओले करा; कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरा. दात सुईसारखे नसतात, कानशीसारखे असतात. मोठा मासा फोटोसाठी आडवा धरताना दुसरा हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर वजन आलं तर जबडा दुखावतो. गळ पकडीने काढा. खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता लाइन गळाजवळ कापून सोडून द्या.

खायचा का? चालतो, मांस पांढरं असतं आणि रोहूसारखे मधले बारीक काटे त्यात नसतात. पण इथले बहुतेक लोक बास सोडतात, आणि कॅडोसारख्या तळ्यांबद्दल पाऱ्यामुळे खाण्याविषयी अधिकृत सूचना आहेत, त्या वाचून घ्या. कालवणासाठी मी कॅटफिश किंवा क्रॅपीच आणेन. जिवंत मासे आणि पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊ नका; झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव असाच पसरतो.

घरी आल्यावर वर्म त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. कडक ल्यूरच्या डब्यात एकत्र टाकले तर दोन्ही प्लास्टिक विरघळून एकमेकांना चिकटतात.

पुढच्या वर्षी

वर्मवर हात बसला की चौथा ल्यूर म्हणून पोकळ रबरी बेडूक घ्या. शेवाळाच्या गालिच्यावरून तो ओढत नेतात, आणि त्यासाठी जाड रॉड आणि किमान चाळीस-पन्नास पौंडांची ब्रेड लागते. आत्ताच्या सामानावर तो चालणार नाही. हाच बेडूक महाराष्ट्रात मरळीला चालतो. सुट्टीत गावी जाताना दोन-चार बरोबर न्या, गावातलं कुणीतरी मरळ कुठे बसते ते दाखवेल. फक्त गळ केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्ये टाका.